गोदूबाईनं भिंतीवरून विचारलं

भैय्यालाल मेश्रामला कमी ऐकू येतं, हे साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, फक्त आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, अशी भैय्यालाल मेश्रामची पक्की समजूत होती. आता माणसानं काय समजून बसावं यावर कोणाचा जोर चालतो? बसला होता समजून. बाकी माणूस सरळ. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तीस वर्षं सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर काढली. पट्ट्याशेजारी कोळसा फोडणारं यंत्र दिवसरात्र चालायचं, आणि त्या आवाजात उभं राहून कान शाबूत राहतील असं कोणी समजत असेल तर त्यानं एक पाळी तिथं काढून पाहावी.

कानाचं त्याला कळलं नोकरीच्या एकविसाव्या वर्षी. कळलं आणि त्यानं ते गिळून टाकलं. काहून? कारण बहिऱ्या माणसाला पट्ट्यावर ठेवत नाहीत. वर्षातून एकदा समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात सगळ्यांची तपासणी व्हायची. कानाला डबडं लावायचं, आत शिट्टी वाजली की बोट वर करायचं. भैय्यालालला शिट्टीबिट्टी काही ऐकू येत नसे. पण समोरच्या औषधांच्या कपाटाला काच होती, आणि काचेत बटण दाबणाऱ्या पोट्टीचा हात दिसायचा. हात हलला की याचं बोट वर. नऊ वर्षं नऊदा पास झाला बिचारा. एका वर्षी तर ती पोट्टी म्हणाली म्हणे, "अंकल, आपके कान तो एकदम बढ़िया हैं." हेही त्याला ऐकू आलं नाही. तिच्या हसण्यावरून त्यानं ओळखलं.

घरीही तोच कारभार. कोणी काही बोललं की तोंडाकडे पाहायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "हव, हव." निम्म्या बोलण्याला तेवढं पुरतं. उरलेल्या निम्म्याला बायको होती. मीराबाई त्याच्या वतीनं ऐकायची, त्याच्या वतीनं बोलायची, आणि त्याबद्दल तिनं नवऱ्याला एका शब्दानं कधी छेडलं नाही.

मार्चमध्ये भैय्यालाल रिटायर झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, कोणीतरी भाषण केलं, यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठला, डबा शोधला, मग आठवलं आणि पुन्हा खाटेवर बसला. त्यानंतर तो बसूनच राहिला म्हणा ना. दुःख होतं असंही नाही. दुःख झालं असतं तर बरं, माणूस रडतो, भांडतो, मोकळा होतो. याला काहीच वाटेना. जेवण आलं की जेवायचा, पंखा बंद पडला की घामात बसायचा. पोरीला, मोनालीला, गोंदियाला मुलगी झाली. मीराबाई बाळंतपणाला तिकडेच गेली होती. तिनं मोबाईलवर नातीचा फोटो पाठवला. यानं पाहिला. लाल तोंडाचं, मुठी वळलेलं लेकरू. "छान हाय," म्हणाला आणि मोबाईल उशीखाली ठेवून दिला. माणसाला नात होते आणि छातीत काही हलत नाही, याची त्याला थोडी भीती वाटली. तीही फार वेळ टिकली नाही.

कोंबड्या आणल्या त्या अशा दिवसांत. मीराबाईला फार वर्षांची हौस. पण भैय्यालाल रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, म्हणून तिनं मन मारलेलं. आता ती यायच्या आधी अंगणात कोंबड्या असाव्या, अंडी सुरू झालेली असावी, एवढाच बेत. रविवारच्या बाजारातून त्यानं पाच गावरान कोंबड्या आणल्या, चार तांबड्या, एक काळी. जुने पत्रे ठोकून खुराडा केला. पत्रे असे घट्ट बसवले की वारा आत शिरायची सोय नाही. कारखान्याची काळी धूळ येते ना, म्हणून. त्याला वाटलं, चांगलं केलं.

दुसऱ्या दिवशी काळीनं मान झटकली. मग पुन्हा झटकली. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस. भैय्यालालनं तिला उचललं, पोटाखाली तळहात धरला, आणि तळहाताला खरखर लागली.

आता हे नीट ऐका, कारण सगळा मामला इथंच आहे. पट्ट्यावरचं बेअरिंग खराब व्हायला लागलं की आवाज नंतर येतो, हाताला आधी कळतं. भैय्यालाल हात ठेवून सांगायचा, हे दोन दिवसांत जाणार, आणि ते जायचं. इंजिनियर लोक त्याला बोलावून न्यायचे. तेव्हा कान नसला तरी या माणसाला हात होता. काळीच्या छातीत काहीतरी बिघडलंय हे त्याला त्या क्षणी कळलं. मग दोन तांबड्यांच्या पोटाखाली हात घालून पाहिला. तिथंही तेच. त्यानं कोंबड्या खाली ठेवल्या आणि मनाशी म्हणाला, नवी जागा आहे, भेदरल्या असतील.

संध्याकाळी गोदूबाई भिंतीशी आली. गोदूबाई म्हणजे शेजारीण, मीराबाईची जिवाची मैत्रीण. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तिच्याकडे नऊ कोंबड्या, आणि त्या नऊवर तिचं घर चालायचं. अंडी विकायची, पिल्लं उठवायची, ती वाढून अंड्यावर येणाऱ्या तलंगा झाल्या की पाऱ्यातल्या बायकांना विकायची. कोणाची कोंबडी मेली, कोल्ह्यानं नेली, घुशीनं खाल्ली, की बाई गोदूबाईच्या दारात. तिच्या घरची कोंबडी म्हणजे निरोगी, हे नावच होऊन गेलं होतं. दोघांच्या अंगणांमधली भिंत कमरेएवढी, आणि मागं भिंत संपते तिथं दोन्ही घरच्या कोंबड्यांची चरायची जागा एकच.

गोदूबाईनं खुराड्याकडे बोट दाखवलं, स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "भाऊ, तुमच्या कोंबड्या घरघर करून राहिल्या का? मले तिकडून तसं वाटून राहिलं. माह्यावाल्या उद्या सोडू का कोंडून ठेवू?"

प्रश्न भैय्यालालला कळला. पुरता कळला. ती समोर होती, उजेड होता, तोंड दिसत होतं.

"काही नाही जी," तो म्हणाला. "म्या कान लावून बसलो होतो ना दुपारपासून. एकदम चोख हायेत."

अरे बाबा, काय गरज होती? कोणी तुझी नोकरी काढून घेणार होतं का आता? पण नऊ वर्षं जी जीभ एकाच वळणावर चालली, ती तिथंच वळली. आवाज येतो म्हणावं तर ती पुढचं विचारणार, कसा येतो, ओला की सुका. हाताला लागतं म्हणावं तर, कानाला काहून नाही? म्हणून तो म्हणाला, कान लावून बसलो होतो. गोदूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "हव" म्हणून ती आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नऊच्या नऊ कोंबड्या मागं चरायला आल्या.

चौथ्या दिवशी भैय्यालालच्या पाचही कोंबड्या मान लांब करून चोची उघड्या टाकून बसल्या. डोळे चिकटलेले, पिसं फुगलेली. याला औषध ठाऊक होतं ते एकच. कारखान्यात पाळी सुटली की प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. गुळानं छातीतली धूळ उतरते म्हणायचे. तीस वर्षं यानं तो खाल्ला आणि त्याच्यावर त्याचा देवावर ठेवावा तसा विश्वास. त्यानं अर्धी ढेप फोडली, घमेलाभर पाण्यात विरघळवली आणि घमेलं मागं चरायच्या जागी ठेवलं, उन्हात बसून पितील म्हणून. त्याच्या कोंबड्यांनी दोन-दोन घोट घेतले आणि त्याच पाण्यात शिंकल्या. गोदूबाईच्या कोंबड्यांना मात्र गुळाचं पाणी म्हणजे मेजवानी. नऊही घमेल्यावर तुटून पडल्या. भैय्यालाल खाटेवरून पाहत होता. हाकलायला उठला नाही. पिऊ दे, त्याला वाटलं, गूळ चांगलाच असतो.

आठवड्याभरात गोदूबाईची पांढरी कोंबडी मेली. तीच दर साली अंड्यांवर बसायची, तिच्याखालूनच सगळी पिल्लं उठायची. गोदूबाईनं तिला पायाला धरून आणलं, भिंतीवर ठेवलं आणि उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. भैय्यालालनं पांढरीकडे पाहिलं, गोदूबाईकडे पाहिलं. आपल्याला आता वाईट वाटायला पाहिजे, हे त्याला समजत होतं. वाटत नव्हतं.

"डॉक्टरले दाखवतो," तो म्हणाला.

काळीला पिशवीत घालून तो सायकलनं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीण तरुण होती. देवश्री नाव, मराठी घरची, पण बोलणार हिंदीत. तोंडावर मास्क. मास्क म्हटल्यावर भैय्यालालची सगळी विद्या संपली. ती विचारत गेली, हा "हव, हव" म्हणत गेला.

शेवटी तिनं वैतागून मास्क खाली ओढला. "अंकल, मैं पूछ रही हूँ कब से है, और आप हव बोल रहे हैं!"

"जी."

तिनं काळी त्याच्या कानाशी धरली. "सुनिए. ये आवाज़ कब से?"

भैय्यालालनं काळी तिच्या हातून घेतली आणि पोटाखाली तळहात धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"दुसऱ्या दिवसापासून," तो म्हणाला. "आनल्याच्या दुसऱ्या दिवसापासून होती."

डॉक्टरीणबाई शहाणी. तिला काय समजायचं ते समजलं. पुढचं तिनं मास्क न चढवता, त्याच्या तोंडासमोर, सावकाश सांगितलं. हा श्वासाचा रोग आहे. हवेतून जातो, पाण्यातून जातो. नव्या कोंबड्या आणल्या की तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवायच्या असतात. औषधाची पावडर पाण्यात पाच दिवस, रोज ताजं पाणी. औषध चालू असेपर्यंत आणि ती सांगेल तितके दिवस पुढं अंडी खायची नाहीत, कोणाला द्यायची नाहीत. खुराड्याला हवा पाहिजे, पत्रे काढा. काही मरतील, बऱ्याचशा वाचतील. पण वाचल्या त्या बऱ्या दिसल्या तरी रोग जन्मभर आत बाळगतील.

"बाहर से नई नहीं लानी. यहाँ की किसी को देनी नहीं, बेचनी नहीं. चूज़े भी नहीं, अंडे में से भी जाता है. नहीं तो सब हटा दो, जगह धोकर महीनों खाली रखो, फिर नई लाओ." मग तिनं विचारलं, "पड़ोस में किसी की मुर्गियाँ हैं?"

"हायेत. नऊ." मग म्हणाला, "आठ."

"तो उनको भी यही बोलिएगा. ज़रूर."

"हव," भैय्यालाल म्हणाला. या वेळी त्यानं सगळं ऐकलेलं होतं.

घरी येऊन त्यानं पत्रे काढले, खुराडा धुतला, चुना मारला. पावडरची अर्धी पुडी भिंतीवरून गोदूबाईला दिली. पाण्यात कशी टाकायची ते सांगितलं, अंडी खाऊ नका तेही सांगितलं. पुढचं नाही सांगितलं. कोंबडी विकायची नाही, पिल्लू विकायचं नाही, आज नाही, उद्या नाही, या कोंबड्या आहेत तोवर नाही, हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? ते सांगायचं म्हणजे कुठून आलं, कसं आलं, सगळंच सांगायचं. एक दिवस गेला. दोन गेले. औषधाचे पाच दिवस संपले, वर आणखी आठवडा गेला. भैय्यालालची एक तांबडी मेली, गोदूबाईच्या आणखी दोन मेल्या. उरलेल्या तिच्या सहा मात्र टवटवीत झाल्या, मान वर करून चरायला लागल्या. तेव्हा भैय्यालालला वाटलं, डॉक्टर लोक जरा वाढवूनच सांगतात. सांगायलाच पाहिजे असं काही नाही. मीराबाई आली की बघू.

मग एका सकाळी पलीकडच्या गल्लीतली रूपाली रिकामी टोपली घेऊन गोदूबाईच्या दारात आली. तिला त्या सहांतल्या तीन तलंगा हव्या होत्या. घरी तिच्या सातआठ कोंबड्या होत्याच, त्यांच्यात सोडायला. भैय्यालाल खाटेवर बसून चहा पीत होता. भिंतीपलीकडे गोदूबाई बसून तलंगांचे पाय चिंधीनं बांधत होती, एकीचे झाले, दुसरीचे चालले होते. रूपाली काहीतरी बोलत होती, गोदूबाई पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसत होती.

भैय्यालाल पाहत राहिला. तिसरीचे पाय बांधून झाले. टोपली पुढं झाली. चहाचा कप त्यानं कुठं ठेवला ते त्याला कळलं नाही. भिंत ओलांडायचं वय नव्हतं. तो दारातून रस्त्यावर गेला आणि वळसा घालून अनवाणीच गोदूबाईच्या अंगणात शिरला.

"देऊ नका," तो म्हणाला. "गोदूबाई, देऊ नका त्या."

दोघी त्याच्याकडे पाहायला लागल्या. त्यानं सांगितलं. डॉक्टरीण काय म्हणाली ते सगळं सांगितलं, जन्मभर आत राहतं ते, विकायचं नाही ते, पिल्लांतून जातं ते. काळीच्या पोटाला हात लावला त्याच दिवशी मला कळलं होतं, हेही सांगितलं. त्याचा आवाज मोठा होता की लहान हे त्याला कधीच कळायचं नाही. तो मोठा असावा, कारण समोरच्या घरातली बाई दारात आली.

रूपालीनं टोपली मागं घेतली. गोदूबाई खाली बसलेली होती ती तशीच राहिली, मान खाली घालून. आणि ती काहीतरी बोलली. तिचे खांदे हलताना दिसले, तोंड दिसलं नाही.

भैय्यालाल उभा होता. मान हलवायची सवय मानेपर्यंत आली होती.

"मले ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "मले ऐकूच येत नाही, गोदूबाई. लई वर्षं झाली. मोठ्यानं बोला."

गोदूबाई उठली. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा वर केला आणि पाऱ्याच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"माहीत हाय मले! अख्ख्या पाऱ्याले माहीत हाय! मीरेनं कधी सांगतलं नाही, तरी माहीत हाय. अन् त्या दिवशी तुमच्या कोंबड्यायची घरघर बी म्या ऐकली होती, भाऊ. माह्या चुलीपाशी ऐकू येत होती. तरी म्या विचाराले आली. काहून आली? मले वाटलं, तुमी म्हनान, गोदूबाई, मले ऐकू येत नाही, तुमीच येऊन पाहा. तेवढंच म्हनाचं होतं तुमाले. अन् तुमी म्हनलं, म्या कान लावून बसलो होतो." तिचा श्वास पुरेना. "आता यावर म्या काय म्हनू? मीरेच्या नवऱ्याले तोंडावर खोटा म्हनू? नाही म्हनलं. तुमचा मान राखला. मान राखाले म्या माह्या कोंबड्या सोडल्या."

रूपाली कधी निघून गेली ते कोणी पाहिलं नाही. गोदूबाई पुन्हा खाली बसली आणि तलंगांच्या पायांच्या चिंध्या सोडायला लागली. एक गाठ सुटेना, ती तिनं दातांनी सोडली. भैय्यालालच्या छातीत दुखलं. चांगलं सणकन दुखलं, छातीवर हात धरून बसावं असं. कित्येक महिन्यांत त्याला काही वाटलं ते हे पहिलं. तो तिथंच पायरीवर बसला आणि रडला, आणि गोदूबाईनं त्याला उठही म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही.

मीराबाई आली, तिला त्यानंच सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

आता पारा भैय्यालालशी मोठ्यानं बोलतो. किराणावाला समोर येऊन बोलतो, दूधवाला हातवारे करून बोलतो, लहान पोट्टे तर मुद्दाम कानाशी येऊन ओरडतात, आणि तो रागावत नाही. न ऐकलेलं पुन्हा विचारायला शिकला आहे. गोदूबाईचा कोंबड्यांचा धंदा बंद झाला, ती पाच घरी भांडी घासायला जाते. सकाळी निघताना ती भिंतीशी थांबते, मीराबाईशी हळू आवाजात दोन शब्द बोलते. तो चार पावलांवर खाटेवर बसलेला असतो. त्याच्याशी ती हळूही बोलत नाही, मोठ्यानंही नाही.